धोरण मी लिहिलं, पाळलं बाकीच्यांनी

चहा घ्या आधी. आणि पहिला घोट गिळून टाका, मगच ऐका. हे ऐकताना तोंडात चहा असला तर समोरच्याच्या शर्टाची जबाबदारी माझी नाही!

चुका काय, सगळेच करतात. पण आपण नियम लिहावेत, अख्ख्या ऑफिसने ते प्राणपणाने पाळावेत, आणि मोडणारा पहिला माणूस आपणच निघावं? तेही परीक्षकांच्या समोर, टेबलावर ढोकळा मांडलेला असताना? सांगा, तुमच्यापैकी कुणाचं झालंय असं? नाही ना? माझं झालंय.

मी बडोद्यातल्या एका छोट्या सायंदैनिकात वृत्तसंपादक आहे. पेपर गुजराती, मी मराठी. घरी मी मुकुंद खासनीस, ऑफिसात मुकुंदभाई. बडोद्यात राहायचं तर नावामागे भाई चिकटतोच. आमचं ऑफिस फतेगंजात एका बेकरीच्या वर आहे. सकाळी बातमी येण्याआधी नानकटाईचा वास येतो. तिथलं बोलणं सगळं गुजरातीत चालतं, तुमच्यासाठी मराठीत सांगतो. मध्येच थोडं गुजराती सांडलं तर सांभाळून घ्या.

तर एका सकाळी आमचे मालक-संपादक रजनीभाई यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"मुकुंदभाई, आपल्याकडे पॉलिसी आहे?"

"विम्याची?"

"अरे ना भाई ना! स्त्री-पुरुष समानतेची. आणि एचआयव्हीची." त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. मुंबईची कुठलीशी संस्था म्हणे वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांचा गौरव करणार होती. बातम्यांचा नव्हे, कचेऱ्यांचा! दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारे हे पेपरवाले स्वतःच्या घरात बायकांशी कसे वागतात, आणि उद्या त्यांच्यातल्याच कुणाला एचआयव्ही असला तर त्याच्याशी कसे वागतील, याचं लेखी धोरण ज्याच्याकडे असेल त्याचा सत्कार.

"साहेब, आपल्याकडे रजेचं धोरण नाही. रजा मागितली की तुम्ही खिडकीबाहेर बघता, तेच धोरण."

"मग लिहा! तुमचे आजोबा संस्थानाच्या हुजूर कचेरीत हुकूम लिहायचे ना? तुमच्या तर रक्तात आहे."

आजोबा हुकूम लिहीत नसत हो. दुसऱ्यांनी लिहिलेल्या हुकमांच्या नकला करत. पण स्तुती कुणाला नको असते? मी खुशीत मान हलवली.

"आणि हे पाहा," रजनीभाई कुजबुजले, "अर्ज जाईपर्यंत कुणाला कळता कामा नये. समोरच्या पेपरला वास लागला तर तेही अर्ज करतील. ऑफिसात नाही, घरी नाही. शब्द द्या."

मी शब्द दिला. आणि तिथंच मेलो.

स्त्री-पुरुष समानतेचा भाग मी एका दुपारी उरकला. कलम पहिलं, समान कामाला समान पगार. कलम दुसरं, तक्रार समिती, अध्यक्ष कोकिळाबेन. कोकिळाबेन म्हणजे आमच्या जाहिरात विभागाच्या प्रमुख, वय पंचावन्न, आवाज असा की तक्रार करणाऱ्याआधी तक्रारच घाबरावी. कलम तिसरं, महिलांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह. आता स्वच्छतागृह होतं, नव्हतं असं नाही. पण त्यात जुन्या अंकांचे गठ्ठे छतापर्यंत भरलेले. बायका बिचाऱ्या खाली बेकरीवाल्याकडे जात. मी लिहिलं, 'उपलब्ध आहे.' खोटं काय त्यात? कलम पाचवं, स्त्री वार्ताहरांना कुठलंही क्षेत्र खुलं. आमच्याकडे वार्ताहर मुलगी एकच, जिज्ञा. सव्वीस वर्षांची, दोन वर्षं पोलीस आणि गुन्हे मागत होती, आणि आम्ही तिला फुलांची प्रदर्शनं देत होतो.

पण एचआयव्हीपाशी गाडी अडली. मला काय माहीत होतं? भिंतीवर रंगवलेल्या लाल फितीपलीकडे काही नाही! आणि विचारायचं कुणाला? शब्द दिलेला!

शेवटी सरकारी दवाखान्यातलं समुपदेशन केंद्र गाठलं. डोक्यावरचं हेल्मेट काढलंच नाही. का म्हणजे? कुणी ओळखीचं भेटलं असतं म्हणजे? आता दवाखान्यात हेल्मेट घालून फिरणारा माणूस जास्तच लक्षात राहतो, ही अक्कल मला मागाहून आली.

केंद्रातल्या बाई शांत होत्या. म्हणाल्या, "बसा. हेल्मेट काढलंत तरी चालेल, इथं वरून काही पडत नाही."

मी फक्त काच वर केली.

"मोकळेपणाने विचारा," बाई म्हणाल्या.

"मी... एका मित्रासाठी विचारतोय."

"हो का," बाई आणखी मऊ झाल्या. "विचारा ना मित्रासाठी."

मी कागदावरून प्रश्न वाचत गेलो. पॉझिटिव्ह माणसाची नोकरी जाते का? नाही, त्या कारणासाठी काढणं कायद्यात बसत नाही. ऑफिसात सांगावं लागतं? नाही, सांगायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं. एका ताटात जेवलं, उष्टा चहा प्यायला, मिठी मारली तर? काही होत नाही. औषधं रोज वेळेवर घेतली तर माणूस चारचौघांसारखं लांब आयुष्य जगतो, नोकरी करतो, संसार करतो.

मी सगळं लिहून घेतलं. निघताना बाईंनी पत्रकांचा गठ्ठा दिला, आपला नंबर दिला आणि म्हणाल्या, "मित्राला सांगा, केव्हाही फोन करा. एकटे आहात असं समजू नका हं."

काय मायाळू बाई, असं मनात म्हणत मी जिना उतरलो. मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी लिहायला बसलो तर दोन-चार शंका उरल्या. फोन करायला हवा. पण ऑफिसात एकांत कुठे? होता. महिलांच्या स्वच्छतागृहात! तिथं गठ्ठ्यांशिवाय कुणी फिरकत नसे. आत शिरलो, दार लोटलं आणि हळू आवाजात बोलायला लागलो.

आता पुढचं मला मागाहून कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. त्या गठ्ठ्यांच्या पलीकडे, जमिनीवर मांडी घालून, जुना अंक शोधत जिज्ञा बसली होती. आणि तिला ऐकू आलं ते हे:

"हॅलो मॅडम, मी काल आलेलो, हेल्मेटवाला... हो हो... गोळ्या रोज एकाच वेळी?... आयुष्यभर?... मग ड्युटी त्या हिशेबाने बदलून मिळायला हवी ना?... नाही हो, इथं कुणाला माहीत नाही. कुणाला कळताच कामा नये... घरी? छे! बायकोला कळलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या सोसायटीत होईल... हो, धीर आहे. तुम्ही आहात ना."

बिचारी पोर तोंडावर पदर... पदर कुठला, ओढणी दाबून बसली. मी गेल्यावर पाच मिनिटांनी बाहेर आली आणि थेट कोकिळाबेनकडे गेली.

त्याच आठवड्यात धोरण टाईप होऊन अर्ज गेला, आणि रजनीभाईंनी सगळ्यांची बैठक बोलावली. परीक्षक येणार, माणसांना विचारणार, तेव्हा धोरण सगळ्यांना तोंडपाठ हवं. वाचून कोण दाखवणार? अर्थात मी.

आता त्या दिवशी सकाळी मी काय केलं होतं? सेव उसळ खाल्ली होती. वर तरी दोनदा मागून घेतलेली! बडोद्याची तरी तुम्हाला ठाऊक आहे, जिभेला जाळते ती जाळतेच, दोन तास घशात मुक्काम करते. मी वाचायला लागलो.

"कलम नववं. कुणाही सहकाऱ्याला एचआयव्ही आहे का, हे विचारू नये. कळलं तर बोलू नये. त्याला वेगळं पाडू नये. त्याची जागा, त्याचा मान..."

इथं ती सकाळची तरी वर आली. घसा दाटला, डोळ्यांतून घळाघळा पाणी! मी रुमाल काढला, चष्मा पुसला, "क्षमा करा, पुढे वाचवत नाही" असं म्हणून खाली बसलो.

 कोकिळाबेननी नाक ओढलं. रजनीभाई उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि केबिनमध्ये गेले. मी मनात म्हटलं, वा मुकुंदा! काय लिहिलंयस! ऐकणारी माणसं रडतायत!

त्या दिवसापासून काय सुख लागलं म्हणता माझ्या मागे! सकाळी पोचलो की फोटोग्राफर येऊन मिठी मारायचा. मला कुणी मिठी मारण्याची सवय नाही हो, आमच्या घरात वाढदिवसालासुद्धा लांबूनच "शंभर वर्षं जग" म्हणतात. खुर्चीवर उशी आली. जिज्ञा रोज फळ कापून आणायची. आणि कोकिळाबेन? जेवताना सरळ माझ्या डब्यात हात घालून भेंडीची भाजी खायच्या. माझ्या कपातला चहा अर्धा झाला की, "मुकुंदभाई, हा मी पिते हं!" म्हणून सगळ्यांसमोर उचलून गटागटा प्यायच्या, आणि मग सगळ्यांकडे अशा बघायच्या की जणू लढाई जिंकून आल्या.

मला वाटलं, हा धोरणाचा प्रभाव. यांना कळलंय की बक्षीस येणार, मग आपला भाव वाढणार, मग आपण कार्यकारी संपादक! सांगा, पन्नाशीच्या माणसाला दुसरं काय सुचणार?

फक्त एक माणूस या प्रेमात सामील नव्हता. आमचे सदाभाऊ. पेपरची पानं लावणारे. मूळचे प्रतापनगरचे, वडील रेल्वे वर्कशॉपात होते, माझ्यासारखेच मराठी. हडकुळे, अबोल, दुपारी बाराला न चुकता रक्तदाबाची गोळी घेणारे. सगळे मला "बसा, बसा" म्हणत असताना हा गृहस्थ येऊन म्हणे, "खासनीस, तीन नंबरचं पान अजून नाही आलं. आणि दोन बातम्या जास्तीच्या घ्या, जागा उरतेय."

एकदा कोकिळाबेन त्यांच्यावर ओरडल्या, "सदाभाई, जरा तरी दया! त्यांना किती काम लावता?"

सदाभाऊ शांतपणे म्हणाले, "दया कशाला? त्यांना काम येतं. काम करू द्या."

जळतो मेला, मी मनात म्हटलं. आपलाच मराठी माणूस आपल्यावर जळतो, ते उगाच नाही म्हणत!

मग एक दिवस रजनीभाईंनी बोलावलं. चेहरा गंभीर.

"मुकुंदभाई, मी आहे तोवर तुमची जागा कुठे जात नाही."

मला वाटलं, आता बढतीचा विषय काढतात. मी नम्रपणे म्हटलं, "साहेब, जागेचं काय! आता वर जायची वेळ आली असेल, तर माझी तयारी आहे."

रजनीभाईंचा चेहरा पांढरा पडला. "असं नका बोलू!"

"का नको? पंचवीस वर्षं खाली काढली. वर जायचं ते कधीतरी जायचंच. आणि खरं सांगू? मी वाटच बघतोय."

"वाट बघताय!" रजनीभाईंच्या डोळ्यांत पाणी. "अरे, हल्ली किती चांगली औष... नाही, काही नाही. कलम नऊ. मी बोलत नाही. पण मुकुंदभाई, घाई करू नका. हाथ जोडूं छूं."

पगारवाढ द्यायला इतकं जिवावर येणारा मालक मी पाहिला नव्हता! मीच त्यांचं सांत्वन केलं. "बरं साहेब, तुमच्या मनात असेल तेव्हाच." ते आणखीच हुंदके देऊ लागले.

परीक्षक यायच्या आदल्या दिवशी जिज्ञाने कलम तिसरं हातात धरून संप पुकारला. "काका, यात लिहिलंय उपलब्ध आहे. कुठे उपलब्ध आहे ते मला दाखवा!" मग काय, रजनीभाईंसकट सगळे पुरुष गठ्ठे उचलून जिन्यात. मला मात्र कुणी एक गठ्ठा उचलू देईना. सदाभाऊंनी एक माझ्या हातात दिला, तोही कोकिळाबेननी हिसकावून घेतला.

आणि उजाडला तो दिवस. मुंबईहून दोघं आली. एक तरुण गृहस्थ, जे नुसतं लिहून घेत होते, आणि एक बाई, साठीच्या आसपास, खणखणीत मराठी बोलणाऱ्या, आणि गुजरातीही समजणाऱ्या. आम्ही सगळे टेबलाभोवती. माझ्या एका बाजूला कोकिळाबेन, दुसऱ्या बाजूला सदाभाऊ. समोर ढोकळा आणि चहा.

बाईंनी आधी जिज्ञाला विचारलं, "कुठलंही क्षेत्र खुलं, असं लिहिलंय. तू काय करतेस?"

जिज्ञा गोड हसली. "आत्तापर्यंत फुलांची प्रदर्शनं. सोमवारपासून पोलीस आणि गुन्हे. हो ना साहेब?"

रजनीभाईंना ठसका लागला. पण परीक्षकांसमोर नाही कसं म्हणणार? "हां हां, सोमवारपासून." माझ्यापेक्षा पोरीला धोरण जास्त कळलं होतं!

मग बाईंनी चष्मा पुसला. "कलम नऊ फार छान लिहिलंय. पण कागदावर सगळेच छान लिहितात. हे वापरायची वेळ कधी आलीय का?"

 जिज्ञा पंख्याकडे बघायला लागली. रजनीभाई बुटांकडे. फोटोग्राफर ढोकळ्याकडे. आणि कोकिळाबेन दाटल्या आवाजात म्हणाल्या, "नाव नाही सांगणार. कलमात मनाई आहे. पण आलीय वेळ. आमच्यातच आहे एक जण. या टेबलाशी."

 आमच्यात? या टेबलाशी? आणि मला पत्ता नाही?

कोण असेल? माझी नजर भराभर फिरली. फोटोग्राफर? छे, बैलासारखा धडधाकट. रजनीभाई? शक्यच नाही. मग... माझ्या उजवीकडे सदाभाऊ बसले होते. हडकुळे. अबोल. बाराची गोळी! अरे देवा. रक्तदाब म्हणतात काय, रक्तदाब!

आणि मित्रहो, आता जे सांगतो ते सांगताना आजही कान गरम होतात. मी विचार केला नाही. हाताने, पायाने आपोआप केलं. टेबलावर माझा आणि सदाभाऊंचा कप शेजारी शेजारी होता. मी माझा कप उचलून डावीकडे ठेवला. आणि खुर्ची सरकवली. लोखंडी खुर्ची, शहाबादी फरशी! अशी किंचाळली म्हणता की खाली बेकरीवाल्याने वर बघितलं असेल.

बाईंनी बघितलं. कप बघितला, खुर्ची बघितली, आणि सदाभाऊंकडे बघितलं. सदाभाऊ समोर बघत होते. चेहऱ्यावर काही नाही. फक्त त्यांनी आपला कप स्वतःहून थोडा जवळ ओढून घेतला. मला जागा करून द्यावी तसा.

बाई कोकिळाबेनकडे वळल्या. "मग तुम्ही लोक कसे वागलात?"

"आधी घाबरलो," कोकिळाबेन म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? मी तर वेगळा ग्लास आणणार होते. सदाभाईंनी सगळ्यांना बसवून समजावलं. म्हणाले, काही वेगळं करू नका. मग मी त्यांचा उष्टा चहा प्यायले. रोज! पहिल्या दिवशी देवाचं नाव घेऊन उचलला, बेन. आता काही वाटत नाही."

उष्टा चहा? हे कानावर पडलं, पण डोक्यात शिरेना. कोकिळाबेन सदाभाऊंचा चहा कधी पितात?

"आणि हे धोरण? इतकं मनापासून कसं लिहिलं गेलं?"

"ज्याचं जळतं त्यालाच कळतं ना!" कोकिळाबेनचा बांध फुटला. "म्हणून तर त्यांनी ते स्वतःच्या हाताने..." आणि त्यांनी जीभ चावली.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मग सगळ्यांनी एकदम नजर वळवली.

मिठी. उशी. कापलेली फळं. वर जायची वेळ!

मी ताडकन उभा राहिलो. आणि तोंडातून काय बाहेर पडलं असेल? "गैरसमज झालाय" असं एक साधं वाक्य पुरलं असतं. पण नाही! मी दोन्ही हात नाचवत ओरडलो, "मी? अहो, मी तसला नाही हो! चांगल्या घरातला माणूस आहे मी!"

 बाईंनी पेनचं टोपण लावलं. आणि अगदी सौम्य आवाजात विचारलं, "तसला म्हणजे कसला, खासनीस?"

पंचवीस वर्षं मी लोकांच्या वाक्यांतल्या चुका काढतोय. माझ्या त्या एका वाक्यातली चूक परक्या बाईंनी काढली. मी खाली बसलो.

मग उलगडा झाला. जिज्ञाने रडत रडत फोनचं सांगितलं. मी हेल्मेटचं सांगितलं, मित्राचं सांगितलं, सेव उसळीचं सांगितलं. रजनीभाई म्हणाले, "म्हणजे तुम्ही वर जाणार म्हणत होता ते..." "बढती, साहेब." त्यांचा चेहरा असा काही पडला की आधीचीच बातमी बरी होती! आणि कोकिळाबेन उसळल्या, "हाय हाय! पंधरा दिवस मी तुमचा तो तीन चमचे साखरेचा चहा उगाच प्यायले? माझी शुगर वाढली ती?"

बाईसुद्धा हसल्या. पण निघताना रजनीभाईंना सुनावून गेल्या, "बाकी ठीक. गुप्तता मात्र तुमच्याकडे गरब्यासारखी फिरते. एकाने टाळी दिली की गोल पूर्ण होऊनच थांबते." खरंच होतं. जिज्ञाने फक्त कोकिळाबेनना सांगितलं, त्यांनी, फोनचं गाळून, फक्त रजनीभाईंना, आणि रजनीभाईंनी फक्त उरलेल्यांना.

सगळे पांगले. मी जिन्यात सदाभाऊंना गाठलं.

"सदाभाऊ, मी ती खुर्ची..."

"हं."

"चुकलं माझं. मला वाटलं, तुम्ही..."

"कळलं मला काय वाटलं ते." ते पायरीवर बसले. जुन्या अंकांच्या गठ्ठ्यांना टेकून. "माझा धाकटा भाऊ आहे पॉझिटिव्ह. पंधरा-सोळा वर्षं झाली. सुरुवातीला रेल्वे क्वार्टरमधली माणसं अशीच सरकली. खुर्च्या सरकल्या, मग बोलणी सरकली, मग राखीला बहीण यायची थांबली. त्याला औषधाने उभं केलं, पण त्याआधी माणसांनी पार आडवं केलं होतं."

"आता?"

"ठणठणीत. गोरव्यात कारखान्यात लेथवर आहे. दोन मुली आहेत, दोघीही निगेटिव्ह." ते थोडं हसले. "म्हणून तुमचं समजलं तेव्हा म्हटलं, या माणसाला उशी नको, पान तीन हवं."

 हा एकटा माणूस मला माणसासारखं वागवत होता, आणि मी म्हणत होतो, जळतो मेला!

हे तुम्हाला सांगतोय ते त्या भावाला विचारून, बरं का. तो म्हणाला, "खुशाल सांगा, मी स्वतः सभेत उभा राहून सांगतो. फक्त खुर्चीचं गाळू नका." म्हणून नाही गाळलं.

आणि हो, आमच्या ऑफिसचा गौरव झाला! पत्र आलं. कागदावरच्या कलमांपेक्षा सहकाऱ्यांच्या वागणुकीबद्दल, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. सन्मानचिन्ह घ्यायला जिज्ञा आणि सदाभाऊ गेले. पत्राच्या शेवटी एक ओळ होती: 'धोरणाचे लेखक यांनी प्रशिक्षण घ्यावे, अशी शिफारस.' जिज्ञाने ती ओळ मोठी करून सूचनाफलकावर लावली. स्वच्छतागृहाच्या दाराशेजारी.

गेलो प्रशिक्षणाला. दोन दिवस, मन लावून. शेवटी लेखी परीक्षा होती, आणि प्रश्न कशावर? नमुना म्हणून निवडलेल्या एका उत्तम धोरणावर. म्हणजे माझ्याच! मी मिशीतल्या मिशीत हसत पेपर सोडवला.

वीसपैकी अकरा पडले. सोबत आलेल्या जिज्ञाला एकोणीस.

मी पेपर उलटून पाहिला. कलमं, व्याख्या, तरतुदी सगळ्या बरोबर. चुकलेले नऊच्या नऊ प्रश्न एकाच सदरातले: 'अशा वेळी तुम्ही काय कराल?'

फेरपरीक्षा शनिवारी आहे. सदाभाऊंकडे शिकवणी लावलीय. मास्तर कडक आहेत. पहिल्या दिवशी वही-पेन घेऊन ऐटीत समोर बसलो, तर म्हणाले, "लिहायचं नाही, खासनीस. ते तुम्हाला येतं."